प्रकल्प नोंदी: आरती-भजनी मंडळांच्या सूचीत सलग अनुक्रमांक

३० जून २०२५, सोमवार

आज सूचीच्या स्क्रिप्टचं काम हातात घेतलं. गोव्यातल्या घुमट (मातीचं, कातड्याने मढवलेलं वाद्य) आरती आणि भजनी मंडळांची ही सूची आम्ही फोंड्याची काही मित्रमंडळी मिळून चालवतो. मंडळाचं नाव, गाव, तालुका, कुठली वाद्यं आहेत, साधारण किती जण येतात आणि बोलवायचं तर कोणाशी बोलायचं, एवढीच माहिती, पण चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की लोक खरंच हिच्यावर बघून मंडळं ठरवतात, म्हणून ती नीट असायला हवी असं मला मनापासून वाटतं. यंदा चवथ २७ ऑगस्टला आहे, म्हणजे वेळ आहे पण फार नाही.

तक्रार एकच आणि सगळ्यांची तीच. प्रत्येक पानावर नंबर परत १ पासून सुरू होतो. पहिल्या पानावर १ ते २५, दुसऱ्या पानावर परत १ ते २५, तिसऱ्यावर पण तेच. कोणी फोनवर म्हणालं "ते सात नंबरचं मंडळ बघ" तर समोरच्याने विचारायचं कुठल्या पानावरचं सात, आणि पान कुठलं ते सांगणाऱ्याच्या लक्षात नसतं कारण तो मोबाईलवर अंगठ्याने सरकवत गेलेला असतो.

स्क्रिप्ट उघडून बघितली. पान तयार करायला पीएचपी भाषा आणि नोंदी ठेवायला मायएसक्यूएल डेटाबेस, जुनी पण वाचता येते. लूपच्या (एकेक नोंद छापत जाणाऱ्या आवर्तनाच्या) आधी काउंटर, म्हणजे मोजणारा आकडा, १ केलाय आणि प्रत्येक नोंदीला एकाने वाढवलाय. एका पानापुरतं ते बरोबर आहे, पण वेबवर प्रत्येक पान म्हणजे स्क्रिप्टची नवी धाव असते, आधीच्या पानावर काउंटर कुठपर्यंत गेला होता ते नव्या धावेला काहीच माहीत नसतं, त्यामुळे तो परत एकावरच येणार.

१ जुलै, मंगळवार

ग्रुपवर एकाने सुचवलं की शेवटचा नंबर सेशनमध्ये, म्हणजे सर्व्हर त्या बघणाऱ्यापुरती जी माहिती लक्षात ठेवतो तिच्यात, साठवून ठेवू आणि पुढच्या पानावर तिथून पुढे मोजू. नको म्हटलं, आणि का नको ते इथे लिहून ठेवते कारण हा मुद्दा परत कधीतरी निघेल. माणूस पानं क्रमाने बघत नाही. कोणी बॅक दाबतं, कोणी दोन टॅब उघडून ठेवतं, कोणाला व्हॉट्सॲपवर थेट चौथ्या पानाची लिंक आलेली असते, गूगलचा बॉट तर सेशन ठेवतच नाही. या प्रत्येकाला वेगळा नंबर दिसला तर सूचीला अर्थच राहत नाही. नंबर हा लक्षात ठेवायचा नाही, दर वेळी काढायचा. पान कितवं आणि पानावर नोंदी किती, या दोन गोष्टी माहीत असल्या की पुरे:

पानावरचा पहिला नंबर = (पान − १) × २५ + १

तिसऱ्या पानाला (३ − १) × २५ + १ म्हणजे ५१. काउंटर लूपच्या बाहेर ५१ ला सुरू करायचा, आत एकेक वाढवायचा. डेटाबेसला जो ऑफसेट (आधीच्या किती नोंदी सोडायच्या तो आकडा) जातो तो ५०, म्हणजे पहिला नंबर नेहमी ऑफसेटपेक्षा एकाने पुढे. ऑफसेट आणि काउंटर एकाच व्हेरिएबलमधून काढले. एक इथे आणि दुसरा तिथे वेगवेगळा लिहिला की कधीतरी कोणीतरी २५ चे ३० करतं आणि एकाच जागी करतं, आणि मग नंबर आणि नोंदी यांची फारकत होते.

पानाचा आकडा यूआरएलमधून येतो म्हणजे त्यावर भरवसा ठेवायचा नाही. तिथे शून्य येऊ शकतं, उणे येऊ शकतं, अक्षरं येऊ शकतात. आधी पूर्णांक करून घेतला, एकाच्या खाली असेल तर एक, शेवटच्या पानाच्या पुढे असेल तर शेवटचं पान. हे नसेल तर पान शून्यला पहिला नंबर उणे २४ येतो, आणि ऑफसेट पण उणे जातो, तो मायएसक्यूएल घेतच नाही, सरळ एरर देतो.

वर एक ओळ पण टाकली, "२६ ते ५० दाखवत आहोत". शेवटच्या पानावर नोंदी पंचवीसपेक्षा कमी असतात, तेव्हा "ते" नंतरचा आकडा एकूण नोंदींच्या पुढे जाऊ नये म्हणून दोन्हीतला लहान तो घ्यायचा.

४ जुलै, शुक्रवार

नंबर मोजणं झालं, आता छापायचा कसा. आजचा दिवस यातच गेला आणि मला वाटतं तो सत्कारणी लागला.

पहिला पर्याय एचटीएमएलचा ओएल टॅग, म्हणजे क्रमांकित यादीची खूण. त्याला स्टार्ट म्हणून ॲट्रिब्यूट आहे, स्टार्ट ५१ दिलं की ब्राउझर स्वतःच ५१, ५२, ५३ लावतो. १९९९ च्या एचटीएमएल ४.०१ मध्ये हे ॲट्रिब्यूट वापरू नका असं म्हटलं होतं, नंबर म्हणजे दिसण्याची बाब, ती सीएसएसने (पानाच्या सजावटीच्या नियमांनी) करा असं तेव्हाचं म्हणणं. मग एचटीएमएल ५ मध्ये, २०१४ साली जे पक्कं झालं, ते परत रीतसर आलं. आमच्यासारख्या सूचीत नंबर हा मजकुराचाच भाग असतो, सजावट नाही, त्यामुळे मला ते परत आलं हे योग्यच वाटतं. एखाद्या एलआय टॅगला, म्हणजे यादीतल्या एका ओळीला, व्हॅल्यू देऊन मधेच नंबर बदलता पण येतो.

दुसरा पर्याय सीएसएस काउंटर. काउंटर-रीसेटने सुरुवात ठरवायची, काउंटर-इन्क्रिमेंटने वाढवायचा आणि बिफोरमध्ये, म्हणजे मजकुराच्या आधी, तो छापायचा. आमच्या नोंदी यादीसारख्या नाहीत, कार्डासारख्या आहेत, एका डिव्हमध्ये (चौकटीत) नाव, गाव, वाद्यं, फोन बटण, म्हणून हे सोयीचं वाटलं. पान बदललं की रीसेटची किंमत स्क्रिप्टने स्टाईलमध्ये लिहायची, पण ५१ नाही, ५०, कारण काउंटर छापण्याआधी वाढतो.

तिसरा पर्याय, स्क्रिप्टनेच नंबर साधा मजकूर म्हणून कार्डात लिहायचा. मी हाच घेतला. सीएसएसने आलेला नंबर पानावर दिसतो पण पानाच्या मजकुरात नसतो. बोट ठेवून सिलेक्ट केला तर सिलेक्ट होत नाही, कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला तर नाव जातं आणि नंबर गळतो, पानात शोधा केलं तरी सापडत नाही. आमचे लोक नेमकं हेच करतात, कार्ड कॉपी करून घरच्या ग्रुपवर टाकतात आणि "हे बघा बरं वाटतंय का" विचारतात. तिथे नंबर बरोबर गेला पाहिजे.

ओएलचा सांगाडा ठेवलाच, स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) वापरणाऱ्याला ही यादी आहे हे बहुतेक वेळा कळतं. फक्त त्याचे स्वतःचे नंबर सीएसएसने बंद केले, नाहीतर दोन दोन दिसले असते.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. टीममधले अर्धे भजनाला, काम नाही.

९ जुलै, बुधवार

दोन नवे प्रश्न एकाच वेळी.

पहिला. प्रत्येक आठ कार्डांनंतर मधे एक पट्टी येते, "तुमचं मंडळ सूचीत नाही? इथे नोंदवा". शिवाय तालुका बदलला की तालुक्याचं नाव मोठ्या अक्षरात. आधीच्या कोडमध्ये काउंटर लूपच्या तळाशी वाढत होता, म्हणजे पट्टी आली तरी वाढायचा, आणि म्हणून ८ नंतर एकदम १० दिसायचा. काउंटर आता कार्ड छापणाऱ्या फंक्शनच्या आतच वाढतो. जे कार्ड नाही त्याला नंबर नाही.

दुसरा जास्त खोल होता. काही नोंदी मंजूर व्हायच्या बाकी असतात, फोन करून खात्री केल्याशिवाय आम्ही त्या दाखवत नाही. स्क्रिप्ट डेटाबेसमधून पंचवीस नोंदी आणत होती आणि मग लूपमध्ये मंजूर न झालेली दिसली की तिला वगळून पुढे जात होती. म्हणजे पहिल्या पानावर अशा तीन असल्या तर बावीसच दिसणार, नंबर २२ ला थांबणार, आणि दुसरं पान २६ ने सुरू होणार. बघणाऱ्याला वाटणार की २३, २४, २५ कोणीतरी लपवलेत. इथे नंबराच्या गणितात काहीच चूक नाही, गाळण्याची जागा चुकीची आहे. गाळायचं ते क्वेरीच्या (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाच्या) व्हेअरमध्येच, म्हणजे अटींच्या भागात, लिमिट (किती नोंदी आणायच्या ती मर्यादा) लागायच्या आधी. आणि एकूण किती आहेत ते मोजणाऱ्या क्वेरीला पण तंतोतंत तोच व्हेअर, नाहीतर शेवटी एक रिकामं पान येतं. व्हेअरचा तुकडा एकदाच तयार करून दोन्ही क्वेरींना दिलाय.

वाद्यांचा फिल्टर पण त्यातच बसवला. घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं वाद्य), कासाळे (झांजा), पखवाज, हार्मोनियम. आरतीला घुमट-शामेळवाली मंडळं हवी असतात आणि भजनाला पखवाज-पेटीवाली, त्यामुळे हा फिल्टर सगळ्यात जास्त वापरला जातो. फिल्टर लावला की नंबर त्या गाळलेल्या यादीचे, १ पासून सलग, आणि वर लिहिलेलं की कुठली यादी बघताय.

१४ जुलै, सोमवार

सकाळपासून पाऊस, दुपारी लाईट गेली ती संध्याकाळी आली. तोपर्यंत कागदावर विचार केला आणि त्याचा फायदाच झाला.

एका मुलीने कळवलं होतं की तिच्या वाड्यावरचं मंडळ दुसऱ्या पानावर ४९ ला पण आहे आणि तिसऱ्यावर ५२ ला पण आहे, आणि शेजारच्या वाड्याचं कुठेच नाही. डेटाबेसमध्ये बघितलं तर दोन्ही एकेकदाच आहेत. कारण ऑर्डर बायमध्ये, म्हणजे क्वेरीच्या क्रम ठरवणाऱ्या भागात. क्रम लावला होता तालुका आणि मग नाव. आता गोव्यात सातेरी, रवळनाथ, महादेव या नावांची मंडळं किती असतील विचार करा, एकेका तालुक्यात अनेक. तालुका तोच, नाव तेच, मग त्यांच्यात आधी कोण हे क्वेरी सांगतच नाही, आणि सांगितलं नसेल तर मायएसक्यूएल त्या ओळी कुठल्याही क्रमाने देऊ शकतो, त्यांच्या डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. दुसऱ्या पानाच्या क्वेरीला एक क्रम मिळाला, तिसऱ्या पानाच्या क्वेरीला दुसरा, आणि पानाच्या सीमेवरचं एक मंडळ दोनदा आलं, दुसरं गळालं.

उपाय एका शब्दाचा. ऑर्डर बायच्या शेवटी आयडी, म्हणजे डेटाबेसमधला त्या नोंदीचा स्वतःचा आकडा. तालुका, गाव, नाव, आयडी. आयडी दोघांचा कधीच सारखा नसतो, त्यामुळे क्रम पूर्ण ठरतो आणि दर वेळी तोच येतो. सलग नंबर लावण्याबद्दल कोणी मला एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन. नंबर क्रमाला लागतो, आणि क्रमच डळमळीत असेल तर गणित कितीही बरोबर असलं तरी नंबर खोटा.

गाव मुद्दाम मधे घातलं. तीन केरी आहेत आमच्याकडे, एक पेडण्यात, एक सत्तरीत, एक फोंड्यात. कार्डावर आता गावाबरोबर तालुका नेहमी लिहिलेला असतो.

१७ जुलै, गुरुवार

तालुक्यांचा क्रम आधी अक्षरांनुसार होता म्हणजे काणकोण पहिलं आणि सासष्टी शेवटी. टीममध्ये बोलणं झालं, उत्तरेकडून दक्षिणेकडे लावायचं ठरलं, कारण लोकांच्या डोक्यात नकाशा तसाच असतो. पेडणे, बार्देश, डिचोली, सत्तरी, तिसवाडी, फोंडा, मुरगाव, सासष्टी, धारबांदोडा, सांगे, केपे, काणकोण. बारा तालुक्यांच्या तक्त्यात क्रम नावाचा कॉलम टाकला. धारबांदोडा २०११ ला वेगळा झाला पण जुन्या मंडळींच्या अर्जात मोले, कुळे अजून सांगे तालुक्यात लिहिलेलं येतं, ते तपासून बदलावं लागतं.

मग गाववार यादी. ती अक्षरांनुसारच हवी, आणि तिथे वाळपई आणि वास्को अडले. यादीत वाळपई आधी येत होतं. युनिकोडच्या मूळ क्रमात ळ हा ल च्या पाठोपाठ बसवलाय, व च्या पण आधी, आणि डेटाबेस त्याच क्रमाने लावतो. पण आपण शाळेत मुळाक्षरं म्हणतो ती श, ष, स, ह, ळ, क्ष, ज्ञ. त्या हिशेबाने स आधी, ळ नंतर, म्हणजे वास्को आधी आणि वाळपई नंतर. ही सूची वापरणारे बरेच जण वयस्क आहेत, पंचांग आणि शब्दकोश बघायची सवय असलेले, त्यांची नजर मराठी क्रमानेच जाते आणि नाव जागेवर नाही दिसलं की ते समजतात नोंदच नाही.

गावांचा तक्ता मोठा नाही, म्हणून गावांना पण क्रम कॉलम दिला आणि मुळाक्षरांप्रमाणे हाताने आकडे भरले. १, २, ३ असे नाही भरले, १०, २०, ३० असे भरले, म्हणजे उद्या नवं गाव आलं तर २० आणि ३० च्या मधे २५ टाकता येईल आणि बाकी कशाला हात लावायला नको. हे आकडे कोणाला दिसत नाहीत, फक्त रांग लावण्यापुरते.

२१ जुलै, सोमवार

आकडे देवनागरी करायचे. नंबर डेटाबेसमध्ये आणि गणितात साधा पूर्णांकच राहतो, फक्त छापताना शेवटच्या क्षणी देवनागरी होतो. पीएचपीत एसटीआरटीआर फंक्शनला दहा जोड्या दिल्या की झालं. सूचीच्या पानात जावास्क्रिप्टने जिथे आकडा येतो तिथे इंटल नंबरफॉरमॅटला (आकडे भाषेप्रमाणे लिहिणाऱ्या सोयीला) मराठी लोकेल, म्हणजे मराठी भाषेची निवड, दिलं की तो स्वतःच देवनागरी आकडे देतो, आणि हजाराच्या पुढे स्वल्पविराम पण आपल्या पद्धतीने घालतो.

उलट दिशा जास्त महत्त्वाची निघाली. "नंबर टाकून शोधा" अशी पेटी आहे, तिच्यात लोक मोबाईलच्या मराठी कीबोर्डवरून देवनागरीत आकडा टाकतात, आणि पीएचपीला देवनागरी आकडा पूर्णांक कर म्हटलं तर तो शून्य देतो, गुपचूप, एरर पण नाही. त्यामुळे आलेला मजकूर आधी उलट्या जोड्यांनी इंग्रजी आकड्यात बदलायचा आणि मगच पूर्णांक करायचा. यूआरएलमध्ये पानाचा आकडा इंग्रजीच ठेवला, देवनागरी अक्षरं लिंकमध्ये गेली की कॉपी केल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी. सकाळी फोन आला, डिचोली तालुक्यातल्या एका मंडळाच्या सेक्रेटरी काकांचा. "बाय, आमचो नंबर ३७ आशिल्लो, आतां ३९ कसो जालो?" त्यांनी आपल्या पत्रकावर सूचीतला नंबर ३७ छापून घेतला होता. काल डिचोलीतलीच दोन नवी मंडळं मंजूर केली, दोन्ही क्रमात त्यांच्या आधीची, म्हणून ते दोनने खाली सरकले. स्क्रिप्टने जे करायचं तेच केलं. पण काकांचं म्हणणं पण शंभर टक्के बरोबर आहे. त्यांना सूचीने एक नंबर दिला आणि तो त्यांनी आपला मानला.

काकांना सांगितलं, थोडे दिवस द्या, तुम्हाला कधीच न बदलणारा नंबर देते. ते म्हणाले चवथीआधी दी म्हणजे जालें.

३० जुलै, बुधवार

आजपासून वास्कोचा सप्ताह (दामोदराच्या देवळातलं अखंड भजन), त्यामुळे भजनी मंडळांचे फोन तिकडेच. मी एकटी बसून दोन नंबरांचा विचार केला.

४ ऑगस्ट, सोमवार

ठरलं. प्रत्येक कार्डावर दोन नंबर.

डावीकडे फिकट रंगात अनुक्रमांक. तो यादीचा आहे, मंडळाचा नाही. यादी बदलली, फिल्टर लावला, नवी नोंद आली की तो बदलणारच, आणि त्याने बदललंच पाहिजे, कारण त्याचं काम "या यादीत तुम्ही कितवे" एवढंच सांगणं. देवळातल्या दर्शनाच्या रांगेतली जागा जशी, पुढे कोण आला-गेला त्यावर ती ठरते.

नावाच्या खाली ठळक अक्षरात नोंद क्रमांक. हा मंडळाचा, कायमचा. एकदा दिला की कोणाला परत द्यायचा नाही, मंडळ बंद झालं तरी नाही.

नोंद क्रमांक म्हणून डेटाबेसचा ऑटो-इन्क्रिमेंट (आपोआप वाढणारा) आयडीच वापरायचा का यावर टीममध्ये चांगली चर्चा झाली. एकाचा आग्रह होता की आयडीमध्ये भोकं पडतात, नोंद काढली की तो आकडा जातो, इन्सर्ट मधेच फसला तरी आकडा वाया जातो, तर दर आठवड्याला सगळे आयडी परत १ पासून सलग करून टाकू म्हणजे एकाच नंबरात दोन्ही कामं होतील. मी ठाम विरोध केला. आयडीवर बाकीचे तक्ते टेकलेले असतात, वाद्यांचा तक्ता, फोटोंचा तक्ता, आणि मुख्य म्हणजे लोकांनी पाठवलेल्या लिंका. आयडी हलवला की फोंड्याच्या मंडळाची लिंक केप्याच्या मंडळावर उघडेल आणि कोणाच्यातरी घरी भलत्याच मंडळाला आमंत्रण जाईल. भोकं पडू देत. नोंद क्रमांकात १११ नंतर एकदम ११४ आला तर कोणाचं काहीच बिघडत नाही, कारण तो मोजायला नाहीच, ओळखायला आहे. मोजायला डावीकडचा आहे आणि तो सलगच असतो.

शेवटी आयडीच नोंद क्रमांक म्हणून ठेवला, आणि "नंबर टाकून शोधा" आता फक्त नोंद क्रमांकच शोधतं. काकांना कळवलं, त्यांनी तो कागदावर लिहून घेतला आणि परत वाचून दाखवला.

८ ऑगस्ट, शुक्रवार

नोंद क्रमांकाने मंडळ सापडतं, पण मंडळवाल्यांना "आमी यादीत खंय" (आम्ही यादीत कुठे) हे पण बघायचं असतं. म्हणजे उलटं गणित. यादीच्या क्रमात त्याच्या आधी किती नोंदी आहेत ते मोजायचं, अधिक एक म्हणजे अनुक्रमांक, आणि त्याला २५ ने भागून वरचा पूर्णांक घेतला की पान. ६३ असेल तर ६३ भागिले २५ म्हणजे दोन पूर्णांक आणि काहीतरी, म्हणजे तिसरं पान. लिंकच्या शेवटी अँकर (पानातल्या जागेची खूण) जोडला की पान उघडून थेट कार्डापर्यंत सरकतं.

मायएसक्यूएल ८ मध्ये, जे २०१८ ला आलं, रो-नंबर नावाचं विंडो फंक्शन आहे, डेटाबेसच प्रत्येक ओळीला नंबर लावून देतो. मारियाडीबीत, म्हणजे मायएसक्यूएलच्या भावंड डेटाबेसमध्ये, ते १०.२ पासून आहे. आमच्या होस्टिंगवर अजून मायएसक्यूएल ५.७ आहे, तिथे ते नाही. जुन्या लेखांमध्ये युजर व्हेरिएबल (क्वेरीतच धरून ठेवलेला आकडा) वाढवत नंबर लावायची युक्ती दिलेली असते. ती मी घेतली नाही, कारण क्रम आधी लागतो की व्हेरिएबल आधी वाढतं याची खात्री मायएसक्यूएल देत नाही, आणि ८ मध्ये तर ती पद्धत बाद होण्याच्या यादीत आहे. मोजणीची साधी क्वेरी लिहिली, चारही कॉलमची तुलना करून. लांब आहे पण वाचणाऱ्याला कळते.

"नवीन नोंदी" पान उलटं आहे, सगळ्यात नवीन वर. तिथे नंबर वरून खाली कमी होत जातो, एकूण वजा ऑफसेट वजा ओळ, ओळ शून्यापासून मोजून. ओएलला रिव्हर्स्ड म्हणून ॲट्रिब्यूट आहे पण आम्ही नंबर स्वतः छापतोय त्यामुळे फक्त वजाबाकी.

१३ ऑगस्ट, बुधवार

कॅश. चवथीच्या आधी गर्दी वाढते म्हणून पानं तयार करून साठवून ठेवतो, प्रत्येक पान वेगळं, एक तास. काल बार्देशातलं एक मंडळ मंजूर झालं आणि पहिलं पान नवीन तयार झालं पण दुसरं जुनंच राहिलं, त्यामुळे २५ वरून सरकून २६ ला जायला हवं होतं ते मंडळ तासभर कुठेच नव्हतं. आता कुठलीही नोंद वाढली, गेली किंवा तिचा तालुका, गाव, नाव बदललं की त्या यादीची सगळी पानं एकदम पुसली जातात, फक्त बदललेलं पान नाही. फोन किंवा वाद्यं बदलली तर मात्र कार्ड ज्या पानावर आहे तेवढंच, आणि वाद्यांच्या फिल्टरच्या याद्या सगळ्या.

कोणी पान वाचत असतानाच नोंद वाढली तर त्याला पुढच्या पानावर मागचं शेवटचं मंडळ परत दिसेल. ते राहू दे. नोंद क्रमांक आहे त्यामुळे तेच मंडळ आहे हे त्याला लगेच कळेल.

१८ ऑगस्ट, सोमवार

छापील पुस्तिका. ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा बघायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) बाजारात वाटायची. छपाईसाठी स्क्रिप्टला वेगळं पान केलं, लिमिट नाही, सगळ्या नोंदी एका दमात, दोन कॉलम, कार्ड मधेच तुटू नये म्हणून सीएसएसला ब्रेक-इनसाइड अव्हॉइड.

पुस्तिकेत कुठला नंबर, यावर आता वाद झालाच नाही. कागदावर छापलेलं वर्षभर कोणाच्या तरी कपाटात राहणार, तेव्हा नोंद क्रमांकच. अनुक्रमांक पुस्तिकेतून काढून टाकला, त्याऐवजी प्रत्येक तालुक्याच्या शेवटी त्या तालुक्यात एकूण किती मंडळं ते लिहिलं. मागच्या कव्हरच्या आत नोंद क्रमांकानुसार एक छोटी यादी, क्रमांक, मंडळ, पुस्तिकेचं पान. फोनवर कोणी नुसता क्रमांक सांगितला तरी कागदावर मंडळ काढता येईल.

प्रूफ बघताना घुमटाचे फोटो फार सुंदर आलेत. मातीचं अंग, एका तोंडाला ताणलेलं कातडं, त्यावर बोटांनी घासून गुळगुळीत झालेली जागा. बहुतेक मंडळांनी लिहून दिलंय की घुमट बकऱ्याच्या कातड्याचं आहे, घोरपडीचं नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घोरपड संरक्षित आहे, तेव्हा ही नोंद कार्डावर असावी असा आमच्यातल्या एका घुमट वाजवणाऱ्या मित्राचा आग्रह होता आणि मला तो पटला. वाद्यांच्या रकान्यात ती ओळ घेतली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

पुस्तिका छापखान्यात गेली. वेबवरच्या याद्या पान एकपासून शेवटपर्यंत बघितल्या, तालुकावार, गाववार, वाद्यवार, प्रत्येक पानाचा शेवटचा नंबर आणि पुढच्या पानाचा पहिला नंबर जुळतो. शेवटचं पान, रिकामा फिल्टर, एकच नोंद असलेला फिल्टर, पानाच्या जागी अक्षरं, सगळं तपासलं. रिकाम्या फिल्टरला "१ ते ० दाखवत आहोत" येत होतं, तिथे आता "या निवडीत मंडळ नाही" असं येतं आणि खाली शेजारच्या तालुक्यांच्या लिंका.

चवथीनंतरची कामं: होस्टिंगवर मायएसक्यूएल ८ ला जाणे आणि मग लांब मोजणीच्या जागी रो-नंबर. गावांच्या तक्त्यात सत्तरीतले वाडे अजून भरायचे आहेत, ती यादी वाळपईच्या मित्राकडून मागवली आहे. सेक्रेटरी काकांनी नवीन पत्रकाचा फोटो पाठवलाय, त्यावर नोंद क्रमांक आहे, तो सूचीशी जुळवून बघितला, बरोबर आहे. मंगळवारपर्यंत येणाऱ्या नोंदी मंजूर करायचं काम मी आणि टीममधल्या एका मित्राने वाटून घेतलंय, सकाळी मी, रात्री तो.